एकांताचे बांधकाम : बोरीच्या जंगलातील दोन रात्री

अरण्याविषयीचे आपले बरेचसे ललित लेखन एका विशिष्ट व्हरांड्यात बसून झालेले आहे, हे विधान थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण जरा आठवून पाहावे. लेखक जंगलात जातो, वनविश्रामगृहात उतरतो, चौकीदार कंदील लावून ठेवतो, रात्री रातवा ओरडतो, पहाटे लेखक बाहेर येतो आणि समोर धुक्यात हरणे चरत असतात. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' गेली काही वर्षे मी पदवीच्या वर्गाला शिकवीत आले आहे. एकदा तास संपताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, त्या जंगलात माणसं नव्हती का?" ही मुलगी मेळघाटाकडची होती. मी काहीतरी उत्तर दिले. निवेदकाला एकांत हवा होता, एकांत ही त्या लेखनाची पूर्वअटच आहे, वगैरे. उत्तर चुकीचे नव्हते. पण तिचा प्रश्न निवेदकाविषयी नव्हताच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, एका जुन्या वनविश्रामगृहात दोन रात्री राहण्याचा योग आला. सोबत आमच्या इतिहास विभागातील एक सहकारी होते. नागपूरहून बैतुल, तेथून इटारसीच्या रस्त्याने भौंरा आणि मग उजवीकडे जंगलात. बैतुलपर्यंत दुकानांत मराठी कानावर येत राहते. भौंऱ्याच्या पुढे ती थांबते, आणि थोड्या वेळाने माणसेही थांबतात. नाक्यावर नावे लिहून घेतली गेली, फाटक उघडले, मागे बंद झाले. पुढचे कित्येक मैल फक्त सागवान.

बंगला उंच जोत्यावर आहे. भिंती हातभर जाडीच्या, दोन खोल्या, मध्ये बसण्याची जागा, तिथे एक शेकोटीचे धुराडे. तिन्ही बाजूंनी व्हरांडा. स्वयंपाकघर वेगळे, पन्नासेक पावले मागे. त्याच्याही मागे घोड्यांची पागा, जिच्यात आता सरपण ठेवतात. चौकीदाराची खोली सर्वांत मागे, उतारावर, बंगल्यातून दिसणार नाही अशी. वीज नाही, सौर दिवा दोन तास जळतो, मग कंदील. सूर्यास्तानंतर जोत्याखाली उतरायचे नाही, असा नियम चौकीदाराने आल्याबरोबर सांगितला. अस्वले मोहाच्या झाडांकडे येतात, शिवाय साहेबांचा हुकूम आहे.

अशा इमारतींना वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत स्थान नसते. पण साहित्याच्या शिक्षकाला त्या वाचता आल्या पाहिजेत, असे मला वाटते. जंगलातील हे बंगले एकमेकांपासून घोड्यावरून एका दिवसात गाठता येईल इतक्या अंतरावर बांधलेले असत. वनाधिकाऱ्याने हिवाळ्यात दौऱ्यावर निघावे, एका बंगल्यातून दुसऱ्यात जात झाडे मोजावीत, तोडीच्या खुणा तपासाव्यात, तक्रारी ऐकाव्यात, दंड करावेत. तेव्हा व्हरांडा ही सौंदर्य न्याहाळण्याची जागा नव्हती, तिथे कचेरी भरत असे. अर्जदार जोत्याखाली उभा राही आणि अधिकारी वर बसे. तीन फुटांचा हा फरक गवंड्याने ओल चढू नये म्हणून ठेवला असेलही. पण त्याने दुसरेही काम केले. आज आपण त्याच खुर्चीवर बसून चांदणे पाहतो. कचेरी उठून गेली, खुर्ची राहिली.

सातपुड्याच्या या भागात अशा इमारतींची वंशावळ एका घरापर्यंत जाते. बोरीच्या पूर्वेला पचमढीचे पठार आहे. तिथे १८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एक घर बांधले आणि त्याला 'बायसन लॉज' असे नाव दिले. बायसन म्हणजे आपला रानगवा. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला हे दूरदेशीचे नाव चिकटवले. हे घर अजून उभे आहे, त्यात संग्रहालय आहे. फॉर्सिथने या प्रदेशावर लिहिलेले 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो वारला. उणेपुरे तेहेतीस वर्षांचे आयुष्य. पुस्तक वाचनीय आहे. शिकारीच्या कथा, झाडांची वर्णने, गोंड-कोरकूंच्या चालीरीती, सारे त्यात आहे, आणि निवेदनाला एक तरुण, मोकळा उत्साह आहे. पर्यटनाच्या पत्रकांत मात्र फॉर्सिथचे एकच वाक्यभर चरित्र असते : याने पचमढीचा शोध लावला.

या 'शोधा'कडे मराठी वाचकाने तरी संशयाने पाहायला हवे. नागपूरचे पदच्युत राजे अप्पासाहेब भोसले १८१८ च्या मे महिन्यात अलाहाबादच्या वाटेवर इंग्रजांच्या कैदेतून निसटले, ते याच महादेवाच्या डोंगरांत येऊन राहिले. गोंड सरदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. १८१९ च्या आरंभी त्यांना हुडकत इंग्रजी फौजेच्या तुकड्या या डोंगरांत शिरल्या. तोवर अप्पासाहेब असीरगडाकडे सरकले होते. पुढे उत्तरेत भटकंती आणि १८४० मध्ये जोधपूरला मृत्यू. म्हणजे फॉर्सिथच्या चाळीस वर्षे आधी हे पठार इंग्रजांच्या लष्करी कागदपत्रांत येऊन गेले होते. आणि त्याहीआधी? विदर्भातून शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाला जाणारे शेतकरी काही इंग्रजांचे पुस्तक वाचून निघत नव्हते. गंमत अशी की, महादेवाच्या त्या यात्रेचे वर्णन स्वतः फॉर्सिथनेच केले आहे. जिथे यात्रा भरते त्या जागेचा शोध लावणे ही कल्पना त्याला कदाचित आपल्याइतकी विनोदी वाटली नसावी. किंवा असेही असेल की, ती कल्पना त्याची नव्हेच, नंतरच्या पत्रककारांची आहे. त्याच्याविषयी न्याय करायचा तर हेही नोंदवले पाहिजे.

बोरीचा इतिहास याहून जड आहे. १८५८ च्या ऑक्टोबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे आले. नागपूर हाती येईल, मराठी मुलूख उठेल, ही त्यांची आशा. ती फळाला आली नाही. पण सातपुड्यात त्यांना जे साथीदार मिळाले त्यांत हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह होता. तात्या निघून गेले, पकडले गेले, १८५९ च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फासावर चढले. भभूतसिंह मात्र त्यानंतरही या दऱ्याखोऱ्यांतून लढत राहिला. अखेर तो पकडला गेला, त्याला देहान्ताची शिक्षा झाली आणि त्याची जहागीर सरकारजमा झाली. त्या जप्त मुलखातले बोरीचे सागवान १८६५ मध्ये सरकारने राखून ठेवले. भारतातील पहिले राखीव वन म्हणून बोरीचे नाव घेतले जाते ते यामुळे. वनखाते त्याच्या आदल्याच वर्षी, १८६४ मध्ये स्थापन झाले होते, आणि पहिला वनकायदा १८६५ चाच.

हा क्रम माझ्या सहकाऱ्यांनी पहिल्या रात्री शेकोटीपाशी सांगितला आणि मला आमचा बंगला निराळाच दिसू लागला. आपण 'आदिम', 'अस्पर्श' म्हणतो ते हे अरण्य, कागदोपत्री पाहिले तर, एका बंडखोराची जप्त मालमत्ता आहे. राखीव या शब्दाला आपण आता 'जपलेले' असा अर्थ देतो. त्या काळी त्याचा व्यवहारातला अर्थ 'तुमच्यापासून राखलेले' असा होता. १८७८ च्या कायद्याने तर त्याचे तपशीलच लावून दिले : राखीव वनात गुरे चारणे, लाकूड तोडणे, आग लावणे हे गुन्हे, परवानगी असेल तेवढे सोडून. कोरकू-गोंडांची फिरती शेती, जिला इकडे दहिया म्हणतात आणि कोकणात दळी, ती यात बसणे शक्य नव्हते. फॉर्सिथचाही दहियावर राग होता. जंगल जाळून राख करणारी ही पद्धत सागवानाचा काळ आहे, असे त्याचे मत. त्याच सुमारास रेल्वेच्या पट्ट्यांसाठी ठेकेदारांच्या कुऱ्हाडी किती चालत होत्या हे इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले आहे. पण राखेचा डाग डोंगरावर लांबून दिसतो, आणि रेल्वेच्या पट्ट्या खडीत रुतून बसतात.

दुसरा दिवस बराचसा व्हरांड्यातच गेला, कारण गाडीशिवाय कुठे जाता येत नव्हते आणि गाडीच्या वेळा ठरलेल्या होत्या. मी फॉर्सिथचे पुस्तक नेले होते. त्यातल्या एका गोष्टीपाशी साहित्याच्या अभ्यासकाने थांबायला हवे. या पुस्तकात गोंडांच्या लिंगो या दैवी पुरुषाचे दीर्घ गीत इंग्रजी पद्यात दिले आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवली आणि लिंगोने त्यांना सोडवले, अशी त्यातली मध्यवर्ती कथा. हे गीत फॉर्सिथने मिळवलेले नाही. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आपल्यापैकी कितीतरी जण शिकले, त्यांनी ते एका परधानाकडून उतरवून घेतले होते. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. फॉर्सिथने ते गीत घेतले आणि लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या वृत्तात बसवले. आता 'हायावाथा' हे अमेरिकेतील मूलनिवासींच्या कथांवर एका गोऱ्या कवीने १८५५ मध्ये रचलेले काव्य. आणि त्याचे वृत्त लाँगफेलोने फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यावरून उचललेले. सातपुड्यातल्या परधानाचे गाणे अशा रीतीने फिनलंडच्या चालीवर, अमेरिकेमार्गे, लंडनला पोहोचले!

याची नुसती टवाळी करणे सोपे आहे. पण प्रश्न असा की, ज्याला गोंडांची शेती जंगलातून हद्दपार व्हावीशी वाटते, त्यालाच त्यांचे महाकाव्य इंग्रजीत यावे यासाठी इतका खटाटोप का करावासा वाटला? दांभिकपणा हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माझ्या मते त्याला दोन्ही खरेच हवे होते. माणसांनी गाण्यात असावे आणि सागवानात नसावे. ज्यांना गुहेतून सोडवल्याचे गीत तो भाषांतरित करीत होता, त्यांच्यावर त्याच दशकात नवी शिळा सरकवली जात होती, हे त्याच्या लक्षात आले नाही. भाषांतरकाराच्या लक्षात न आलेल्या गोष्टी हा एरवीही भाषांतराच्या इतिहासाचा मोठा भाग असतोच.

इंग्रजी साहित्यात पुढे हा तिढा एका कथेत अगदी उघडा पडला आहे. किपलिंगची 'इन द रुख' ही १८९३ ची कथा आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. मोगली या पात्राचे ते पहिले दर्शन; 'जंगल बुक' एक वर्ष नंतरचे. इथे मोगली मोठा झाला आहे, आणि गिस्बोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याच्या बंगल्यापाशी येऊन तो अखेर वनखात्यात नोकरी पत्करतो, पुढे मिळणाऱ्या पेन्शनसकट. लांडग्यांत वाढलेला, जंगलाचा म्हणता येईल असा एकुलता एक माणूस सरकारी रखवालदार होतो आणि कथेला हा सुखान्त वाटतो. किपलिंगच्या कारकुनी प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. जंगलातल्या माणसाला जंगलात राहायचे तर कोणत्या दाराने आत यावे लागेल, हे त्याने सांगून टाकले.

आमचा चौकीदार त्याच दाराने आला होता. कोरकू, पन्नाशीच्या आसपासचा, रोजंदारीवर. हिंदी आमच्याशी, कोरकू घरी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची बहीण. शेजारच्या द्राविड कुळातल्या गोंडीशी तिचे नाते नाही. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला की, गोंडांचे बोलणे आपल्याला समजत नाही हे त्याला ठाऊक आहे. जन्म कुठला, असे विचारल्यावर त्याने हाताने बंगल्यासमोरचे मैदान दाखवले.

त्या मैदानाचे आम्ही आदल्या दिवसापासून कौतुक करीत होतो. दाट सागवानात अचानक उघडणारा तो गवताळ तुकडा, त्यात चितळांचे कळप. 'निसर्गाने केवढी कलात्मक मोकळी जागा सोडली आहे,' असे मी वहीत लिहिलेही होते. ते गाव होते. बोरी, धाईं, चूरना अशी कितीतरी गावे गेल्या दोन दशकांत व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून बाहेर नेऊन वसवली गेली. शेते पडीक राहिली, तिथे गवत वाढले, गवतावर हरणे आली. कान्ह्याहून आणलेले बारशिंगेही या जंगलात सोडले आहेत. वाघाच्या दृष्टीने हे चांगले झाले, यात शंका नाही. आणि मला वाघ नको आहेत असेही नाही.

गाव गेले याचे दुःख आहे का, हा आमचा प्रश्न त्याला जरा बाळबोध वाटला असावा. नव्या गावी सडक आहे, पोरे शाळेत जातात, दवाखाना जवळ आहे, बोअरवेलचे पाणी आहे, असे त्याने बोटांवर मोजून सांगितले. मग म्हणाला, मोह नाही. थोड्या वेळाने म्हणाला, आणि म्हातारे नाहीत. आधी आम्हाला वाटले, म्हातारी माणसे नव्या जागी टिकली नाहीत असे तो सांगतो आहे. त्याचे म्हणणे वेगळे होते. कोरकूंमध्ये मृताच्या नावाने सिडोलीचा विधी करतात आणि सागवानाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरून ती पवित्र झाडाखाली रोवतात. गावाचे पूर्वज त्या झाडाखाली उभे असतात. गाव ट्रॅक्टरवरून गेले. ते तिथेच राहिले.

हे गाव बहुधा वनग्राम असणार, असे सहकाऱ्यांनी मला नंतर समजावून सांगितले. जंगलातून माणसे काढली तर झाडे तोडायला, आगरेषा साफ करायला, साहेबाचे सामान वाहायला मजूर आणायचे कुठून, हा प्रश्न वनखात्याला लवकरच पडला. म्हणून राखीव वनातच खात्याने गावे वसवली. थोडी जमीन कसायला द्यायची आणि बदल्यात काम घ्यायचे. जमीन नावावर नाही, खात्याच्या मर्जीवर. १९३० मध्ये याच बैतुल जिल्ह्यात गंजनसिंह कोरकूच्या पुढाकाराने आदिवासींनी जंगल सत्याग्रह केला. त्याच पावसाळ्यात विदर्भात पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव कुरणातले गवत कापून कायदा मोडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत पुसद येते, घोडाडोंगरी येत नाही, जरी नागपूरहून इटारसीला जाणारी प्रत्येक गाडी त्या स्थानकावरून जाते. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या उद्देशिकेतच या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे मान्य करतो. कायद्याच्या भाषेत असे शब्द क्वचित येतात.

मग मराठीतल्या अरण्यलेखनाचे काय करायचे? मी 'नागझिरा' शिकवणे सोडलेले नाही. माडगूळकरांची नजर इतकी काटेकोर आहे की, जे आहे ते त्यांना दिसतेच. त्यांनी एकांत मागितला होता आणि बंगल्याने तो पुरवला. मारुती चितमपल्लींची गोष्ट वेगळी. ते स्वतः वनाधिकारी, म्हणजे त्या खुर्चीचे रीतसर हक्कदार. पण त्यांचे कोश उघडले की कळते, पक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी जोत्याखाली उतरून गोळा केली आहेत. जून २०२५ मध्ये ते गेले. त्याच महिन्यात मध्य प्रदेश शासनाने पचमढी अभयारण्याला राजा भभूतसिंहाचे नाव देण्याचे जाहीर केले. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्या एकत्रच आठवतात.

निघायच्या दिवशी सकाळी चौकीदार आम्हाला मैदानाच्या कडेपर्यंत घेऊन गेला. तेवढ्याची परवानगी त्याने वनरक्षकाकडून काढली होती. तिथे आंब्याची अकरा झाडे आहेत. लांबून ती जंगलाचाच भाग वाटतात. जवळ गेल्यावर दिसते की ती एका ओळीत नाहीत, पण अंतर राखून आहेत, प्रत्येक झाड एकेका घराच्या मागे होते म्हणून. त्याने झाडांकडे बोट दाखवत घरांची नावे सांगितली. दोन नावांपाशी तो अडखळला, मग आठवली. त्या पलीकडे गवतात शेंदूर फासलेला दगड होता, मुठवा देवाचा. शेंदूर ताजा होता.

दहाच्या आत फाटकाबाहेर पडायचे होते. व्हरांड्यात नोंदवही ठेवलेली होती; रकाने जुन्या पद्धतीचे : नाव, हुद्दा, कोठून आले, प्रयोजन, शेरा. मागची पाने चाळली. प्रयोजनाच्या रकान्यात बहुतेकांनी 'निरीक्षण' लिहिले होते, अलीकडच्यांनी 'पर्यटन'. शेऱ्यात शांतता, स्वच्छता, चौकीदाराची उत्तम सेवा. चौकीदाराचे नाव कुठे नव्हते. आम्ही ते विचारून घेतले आणि लिहिले. कोणत्या रकान्यात लिहावे ते ठरेना, म्हणून समासात लिहिले.

परतल्यावर मी त्या विद्यार्थिनीला शोधले. ती बी.एड.ला अमरावतीला गेली आहे.